घडीचे लंगोट

ओल्या लंगोटावर घडीची रेघ कशी राहते, हा प्रश्न मला आमच्या निजामपुऱ्याच्या घराच्या गॅलरीत पडला. मी नुकतीच ऑफिसातून आले होते. दोरीवर बाळाचे लंगोट वाळत होते, पण प्रत्येकावर कपाटातल्या घडीची रेघ तशीच होती. चोळून पिळलेल्या कापडावर घडी राहते का कुठे? एक लंगोट नाकाला लावला. साबणाचा नव्हे, कपाटातल्या वेखंडाचा वास आला.

मला संशय यायला वेळ लागत नाही. डायपरच्या पुड्यावरचं हिरवं पान बघूनही माझं डोकं फिरतं. आत प्लास्टिक आणि वर पान! एकदा वापरायचा आणि कचऱ्याच्या डोंगरावर टाकायचा. बाळाला नातवंडं झाली तरी तो तिथंच. नवरा बाजव्याच्या रिफायनरीत आहे. तो हसून म्हणायचा, "ते प्लास्टिक तेलातूनच निघतं बरं. आपलं घर त्यावरच चाललंय." मला काही हसू आलं नाही.

सासूबाईंनी आपल्या जुन्या सुती साड्या फाडून बाळंतविडा शिवला, तेव्हाच मी जाहीर करून टाकलं होतं, की या घरात डायपर येणार नाही. लंगोट धुवायचेही हातानंच, मशीन पाणी फार खातं. रजा संपली तेव्हा त्यांना म्हणाले, "आई, जमत नसेल तर सांगा. वासणा भागात पाळणाघर आहे, बाळाला तिथं ठेवू."

"न जमायला काय झालं?" त्या घाईघाईनं म्हणाल्या. ती घाई मला तेव्हाच खटकायला हवी होती.

आता मी घरातले दोन्ही कचऱ्याचे डबे उपसले. भाजीची देठं, दुधाच्या पिशव्या, बाकी काही नाही. डबे बाहेर ठेवायला गेले तर शेजारच्या गुजराती काकींनी दारातच गाठलं.

"बेन, तमारां सासुने कहेजो ने, डायपरनी थेली बराबर बांधे. अमारा डबामां बहु गंधाय छे."

डायपरच्या पिशवीचा वास, तोही त्यांच्या डब्यात! म्हणजे आम्ही पृथ्वी वाचवत होतो ती शेजारच्या डब्यात! संतापानं माझे कान तापले. दोरीवरचा लंगोट ओढून काढला, बादलीत बुचकळला आणि सासूबाईंपुढे धरला.

"आई, एवढा पिळून दाखवा."

त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला. बोटं वळलीच नाहीत. आधी मला वाटलं, नाटक. मग त्यांचे सुजलेले सांधे दिसले. पाणी नुसतंच फरशीवर ठिबकत राहिलं.

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तू त्याला पाळणाघरात टाकलं असतंस. दिवसभर मी कुणाकडे बघायचं?"

मला फार वाईट वाटलं. रागही आला, पण तो कुणावर काढावा ते कळेना. मी लंगोट त्यांच्या हातातून घेऊन पिळला आणि पुन्हा दोरीवर टाकला. त्या माझ्या मागोमाग गॅलरीत आल्या.

"त्या पाळणाघरात लंगोट धुतात का गं?"

चौकशी मी आधीच केली होती. "नाही. तिथं डायपरच लागतो."

मघाशी मी दोरीकडे बघितलं होतं, तसंच त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मग पृथ्वी काय माझ्या एकटीच्याच हातांनी वाचायची होती?"