पौषात आंब्याचा वास

ती घटना पौष आला, की आजही माझ्या अंगावर येते. बाहेर थंडी असते, ज्वारी हुरड्यावर आलेली असते, आणि कुठूनतरी पिकल्या आंब्याचा वास येईल की काय, असं वाटत राहतं.

तेव्हा मी धाराशिव तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी बेंबळीकडच्या एका गावचे शेतकरी अंमलदारापुढे येऊन बसले. तक्रार काय, तर त्यांच्या शेताजवळच्या जुन्या बारवेतून भर दुपारी पांढरी वाफ निघते आणि आंब्याचा वास सुटतो. अंमलदार हसला, म्हणाला, मग दोन पेट्या ठाण्यावर पाठवा. शेतकरी हसले नाहीत.

"पौषात कुठला आंबा आला वो साहेब?" त्यांनी मला विचारलं. "बायांनी तिकडनं पाणी आणायचं सोडलंय."

त्या बारवेत साती आसरांचं ठाणं आहे. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. शेंदूर लावलेले सात दगड, बस. आमच्या भागात असं मानतात, की भर दुपारी त्या पाण्यावर येतात आणि तरण्या पोरापोरींना गोड वासानं बोलावतात. मी स्टेशन डायरीला नोंद घ्यायला लावली आणि कामाला लागलो. भुताखेताचा तपास कोण करणार?

पुढच्याच आठवड्यात धाराशिवच्या दवाखान्यातून फोन आला. त्याच गावची अकरावीतली मुलगी बारवेच्या पायऱ्यांवर पडलेली सापडली होती. घरच्यांनी आधी तिला देवऋष्याकडे नेऊन कडुलिंबाचा धूर दिला. श्वास आणखी अडकला, तेव्हा दवाखाना आठवला.

मी महिला शिपायाला घेऊन गेलो. मुलीच्या नाकातोंडावर ऑक्सिजन लावलेला, ओठ निळसर. डॉक्टर मला बाहेर घेऊन आले आणि म्हणाले, "हिनं काहीतरी ओढलंय. फुप्फुसं आतून सुजलीत. न्यूमोनियाची औषधं चालू आहेत, पण लागू पडत नाहीत. काय ओढलं ते कळलं, तर औषध बदलता येईल. नाहीतर आम्ही अंधारात आहोत. आणि तिच्याकडं वेळ थोडा आहे."

मुलीला कागद-पेन दिलं, तिनं लिहिलं नाही. महिला शिपायानं समजावलं, तर डोळे मिटून घेतले. कॉलेज सुटेल, घरात कोंडतील, ही भीती तिला मरणापेक्षा मोठी वाटत होती. त्या वयात वाटते.

तिची आई कोपऱ्यात उभी होती. मला म्हणाली, "तुम्ही कायबी इचारा साहेब, ती न्हाय बोलायची. आसरांनी धरलंय तिला. त्यांच्या वटीला हात लावला आसंल."

मुलीची खाली घसरलेली ओढणी उचलायला मी वाकलो आणि जागेवर थांबलो. ओढणीला आंब्याचा वास होता.

तिथून थेट बारवेवर गेलो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. पदवी घेतल्यावर असल्या ठिकाणी जाणं मी सोडलं होतं, पण लहानपणी आईची पूजेची पाटी मीच डोक्यावर न्यायचो. उतरलो तेव्हा दुपार होती. पाणी हिरवं, हलत नव्हतं. वर ज्वारीत पाखरं ओरडत होती, आणि खाली आपल्याच बुटांचा आवाज ऐकू येत होता. सोबतचे दोन शिपाई वरच्या पायरीवरच जोडे काढण्यात वेळ लावत होते.

सात दगडांपुढे सुकलेल्या ओट्या होत्या. खण, नारळ, बांगड्या, पाखरांनी खाल्लेले तांदूळ. अशा ओटीला आमच्याकडे कोणी हात लावत नाही. जागच्या जागी कुजते. बाजूच्या कोनाड्यात मात्र एक ओटी वेगळी ठेवलेली होती, हिरव्या खणात गच्च बांधलेली.

एकच.

तिथंच मला खटकलं. आसरा सात. त्यांना सात वाटे लागतात. सात बांगड्या, सात लिंबं, सगळं सात. एकीला देऊन सहाजणींना उपाशी ठेवायची हिंमत आमच्याकडची कुठलीच बाई करणार नाही. ही ओटी बाईनं ठेवलेली नव्हती.

पंच बोलावले तर गावातला एकही माणूस खाली उतरेना. शेवटी तक्रारीला आलेले शेतकरी आणि शाळेतले एक शिक्षक तयार झाले, तेही हात लावणार नाही या अटीवर. गाठ मी सोडली. आत नारळ नव्हता. रंगीत, चपट्या, बोटाएवढ्या नळ्या होत्या. ई-सिगारेटी. एकीवर आंबा, एकीवर स्ट्रॉबेरी, एकीवर बबलगमचं चित्र. लहान लेकराच्या खेळण्यासारख्या. नंतर कळलं, पैसे मोबाईलवर घ्यायचे, माल ओटीत ठेवायचा, आणि मुलांनी दुपारी तिथंच बसून ओढायचं. गाव घाबरून लांब राहतं. याहून सुरक्षित गोदाम कुठं मिळणार?

पण नुसत्या नळीवरून डॉक्टरांना उत्तर मिळेना. आत मूळचा द्रव नव्हता. कोणीतरी दुसरंच काही भरलं होतं.

मुद्देमाल जप्त केला आणि कोनाड्यात तशीच दुसरी ओटी बांधून ठेवली. दुसऱ्या दिवशी आम्ही बारवेच्या काठावरच्या ज्वारीत दबा धरून बसलो. ऊन डोक्यावर आलं तेव्हा एक तरुण मोटारसायकल लांब लावून आला. पायऱ्यांपाशी त्यानं चपला काढल्या. खाली जाऊन हळदकुंकू वाहिलं, दगडांना हात जोडले, आणि मग कोनाड्याकडे वळला. माझ्या शेजारच्या शिपायाच्या अंगावर काटा आलेला मला दिसला. चोराला इतक्या भक्तिभावानं वाकताना आम्ही कोणीच पाहिलं नव्हतं.

तो कळंबला मोबाईलचं दुकान चालवायचा. ठाण्यात आणल्यावर एकच पालुपद.

"साहेब, तंबाखू न्हाय त्यात. फळाचा वास हाय नुस्ता."

बेकायदा विक्रीचं कलम सांगितलं, तो हलला नाही. मुलीची अवस्था सांगितली, त्यानं मान खाली घालून तेच पालुपद म्हटलं. मला त्याचे जोडलेले हात आठवले. खणाची ओटी मी टेबलावर ठेवली.

"तू एकीला दिलंस," मी म्हणालो. "बाकीच्या सहाजणींचं काय?"

त्याचा चेहरा उतरला. मग अगदी हळू म्हणाला, "म्हणून का कोपल्या त्या? बाटली फेकून दिली तरी दुकानात वास येतोय, साहेब. हात किती धुतले. जात न्हाय."

"बाटलीत काय होतं?"

धूर दाट निघावा, म्हणून त्यानं कुठलंसं तेल मिसळलं होतं. मुलं दाट धुराला भुलतात, म्हणाला. बाटली दुकानामागच्या नाल्यात सापडली. तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. "तेल? बास, समजलं," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. औषध बदललं. मुलगी वाचली.

वैशाखात जबाबाच्या कामासाठी तिच्या घरी गेलो. दारात गावरान आंब्याचं झाड लगडलेलं, पण घरात कुठं आंबा दिसेना. आई म्हणाली, यंदा आंबे पिकवायची अढी शेजारणीकडे घातलीय.

मुलगी दोन पायऱ्या चढून ओट्यावर आली आणि दम खात बसली. मी विचारलं, आता कसं वाटतं?

"बरं हाय सर. आंबा लई आवडायचा मला," ती म्हणाली. "आता वास आला, की हात आपोआप खिशाकडं जातो. आई सांगायची ना, आसरा गोड वासानं बोलावतात म्हणून. तसंच बोलावतंय ते. अजून."

नोकरीत मी दारू पकडली, गुटखा पकडला. ते कडू असतं, जळजळतं. पहिल्यांदा तोंडात घेणारं पोर थुंकून टाकतं. ह्या मालात कडूपणाच काढून घेतलाय, म्हणून पोर थुंकत नाही. नुसत्या फळाच्या वासावर बंदी कशाला, असं आजही शिकलेली माणसं मला विचारतात. तेव्हा मला ती ओट्यावर बसलेली मुलगी दिसते.

निघताना वारा सुटला आणि शेजारच्या अढीचा वास अंगणात आला. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि वारा पडेपर्यंत तशीच बसून राहिली.