आईचा आवाज मी काढून टाकला नाही

अपमान माझ्या आईचा झाला. गेल्या वर्षी, भीमजयंती होऊन आठवडा उलटल्यावर, सोमवारी, दुपारच्या सत्रात, सोलापुरातल्या एका कॉलेजच्या थंडगार लॅबमध्ये. आई तिथं नव्हती. ती होटगीला दुसऱ्याच्या रानात कांदा काढत होती. तिथं तिचा फक्त आवाज होता, स्पीकरवर लावलेला. आणि वर्ग हसत होता.

माझं नाव लिहीत नाही. नाव कळलं की आडनाव विचारायचं आणि आडनाव कळलं की माणूस कळला असं समजायचं, ही ज्यांची सवय आहे त्यांची सोय मी करणार नाही.

वर्गाचं नाव मोठं होतं. तरुणांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता आणि डेटा साक्षरता. एका कंपनीच्या पैशावर चालायचा. कोर्स पुरा केला की प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र असलं की त्याच कंपनीच्या सोलापुरातल्या नव्या ऑफिसात नोकरी. माझ्या घरात आजवर कुणी खुर्चीवर बसून काम केलेलं नाही. बाप रेल्वेच्या रुळांवर कंत्राटी मजूर. आई मिळेल त्या रानात. तर ते प्रमाणपत्र मला हवं होतं. खोटं कशाला बोलू? लई हवं होतं.

वर्गात पोरं दोन प्रकारची. फी भरून आलेली, आणि कंपनीनं सामाजिक जबाबदारी म्हणून फुकट घेतलेली. आम्ही फुकटातली. ओळखू यावं म्हणून आम्हाला पिवळे टी-शर्ट. पाहुणे आले की सर म्हणायचे, "यलो टीम, पुढे या." आम्ही पुढे. फोटो निघायचा. पाहुणे गेले की आम्ही परत मागच्या रांगेत, एका कॉम्प्युटरभोवती तिघं-तिघं. फोटोला पुढं, कॉम्प्युटरला मागं.

सर वाईट असते तर सोपं झालं असतं. ते पुण्याहून यायचे, हसून बोलायचे, कुणावर कधी आवाज चढवला नाही. मी वस्तीत पत्रकं लिहिणारी, मोर्चात घोषणा देणारी पोरगी. कुणी शिवी दिली असती तर मी तिथल्या तिथं परत केली असती. पण हसऱ्या माणसाशी भांडायचं कसं? हे मला कुठल्या पत्रकात सापडलं नव्हतं.

कंपनी एक मशीन बनवत होती. पाण्याच्या तक्रारीचा फोन माणसाऐवजी ते उचलणार. तुमचं बोलणं ऐकणार, लिहून घेणार, पाणी सोडणाऱ्या खात्याकडं पाठवणार. सुरुवात शहरात, मग आजूबाजूची गावं, मग सांगोल्याकडं टँकरची गावं. मशीनला शिकवायला आवाज लागतात. सरांनी गृहपाठ दिला. घरातल्यांचे, शेजाऱ्यांचे आवाज मोबाइलवर घेऊन या. पाण्याची तक्रार करताना जसं बोलतील तसं बोलायला सांगा.

मी आईला सांगितलं. ती रानातनं आली होती. तिनं हातपाय धुतले, तोंड धुतलं, आणि जयंतीची पांढरी साडी नेसून बसली.

"आगं, आवाजच घ्यायचाय," मी म्हणाले. "फोटू न्हाय."

"असू दी की. सायबाकडं जानार हाय न्हवं? मानूस कसं बसलंय ते आवाजावरनं कळतंय."

मग ती बोलली. "हॅलो. मी होटगीवरनं बोलायलेय. आमच्या गल्लीत लई दिस झालं पानी आलं न्हाय. लेकरं कशानं धुवावी, भांडी कशानं धुवावी? तुमी सांगा, आमी तसं करतो." शेवटचं वाक्य मी शिकवलं नव्हतं. तिचं तिनंच घातलं, आणि माझ्याकडं बघून गालात हसली.

सोमवारी सरांनी ते सगळ्या वर्गापुढं लावलं. वर स्पीकरवर आई बोलत होती आणि खाली पडद्यावर मशीन लिहीत होतं. लिहीत होतं म्हणजे काय, कुठले तरी अर्धे शब्द, एकाचा दुसऱ्याशी पत्ता नाही. पुढच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळे. सरांनी आवाज थांबवला. परत लावला. परत तसंच. परत हसू.

"मंडळी, हे नीट बघून ठेवा," सर म्हणाले. "याला म्हणतात बॅड डेटा. असा डेटा आत गेला की मॉडेल बिघडतं." मग माझ्याकडं वळून, अगदी मायेनं, "सॉरी हं. तुला नाही म्हणत मी."

मला नाही. मग कुणाला?

पुढच्या रांगेतली एक मुलगी, डॉक्टरांची लेक, मागं वळली. "तुझी आई मराठीच बोलते ना गं?" तिच्या तोंडावर कुचेष्टा नव्हती. तिला खरंच माहीत नव्हतं. ती शहरातल्या जुळे सोलापूर भागात राहायची. तिथनं होटगी फार लांब नाही. बस जाते.

मी नुसती मान हलवली.

संध्याकाळी आई दारातच होती. "काय म्हनलं सर? आवडला का आवाज?"

"व्हय. आवडला."

"मग? म्या म्हनलं न्हवतं? साडीचा फरक पडतोय."

मी घरात गेले आणि भिंतीकडं तोंड करून पडले. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. तिनं डोक्याला तेल लावलं.

सोडून का दिलं नाही, असं लोक विचारतात. विचारणाऱ्याच्या घरी दुसरा रस्ता असतो. मी सोडलं असतं तर कंपनीनं म्हटलं असतं, बघा, या पोरांना फुकट दिलं तरी टिकत नाहीत. पुढच्या वर्षी वस्तीतल्या पोरांच्या जागा गेल्या असत्या. गेले तर आम्ही नालायक, राहिले तर आई बॅड डेटा. दोन्हीकडनं कडी बाहेरून लावलेली.

मी राहिले. आणि मशीनला कळेल असं बोलायला शिकले. येताजाता बसमध्ये खिडकीकडं तोंड करून पुटपुटायचे. आहे. नाही. कुठे. इथे. तुम्ही. आम्ही. कंडक्टर एकदा म्हणाला, "मंत्र पाठ करायलाव का ताई?" महिन्याभरात मशीनला माझं सगळं कळायला लागलं. सर खूश. घरी जेवताना तोंडातनं निघून गेलं, "आई, मीठ कमी आहे."

ती वाढता वाढता थांबली. "असं का बोलायलीस? आमी काय पाव्हनी हाय व्हय?"

माझ्या शेजारी व्यंकटेश बसायचा. विणकरांच्या घरचा. घरी तेलुगू, गल्लीत दखनी, वर्गात मराठी, आणि तिन्हीत विनोद. त्यानं आज्जीचा आवाज आणला होता. मराठीच बोलली होती, पण तिच्या मराठीला तेलुगूची चाल. मशीननं तिचीही वाट लावली. "तुझी आई आन् माझी आज्जी," तो म्हणाला, "दोगींना एकत्र बसवलं की कंपनी बंद पडती बघ." मी हसले. त्या लॅबमध्ये मनापासून हसले ते त्याच्यामुळंच.

मग डेटा स्वच्छ करायचा दिवस आला. सरांनी पद्धत सांगितली. प्रत्येकानं आपण आणलेले आवाज आपणच तपासायचे. एक-एक आवाज लावायचा, मशीन काय लिहितं ते बघायचं. बरोबर लिहिलं तर 'वापरा' हे बटण. चुकलं तर 'सदोष'. सदोष म्हटलेला आवाज कायमचा बाहेर. त्याच्यावरनं मशीन काही शिकणार नाही. समोर मोठ्या पडद्यावर एक आकडा लावला होता, मशीन किती अचूक आहे त्याचा. ज्याचा डेटा साफ होईल त्याच्यासाठी टाळी.

पुढच्या रांगेचं लवकर उरकलं. त्यांना काढायला काही नव्हतंच. त्यांच्या आयांचं बोलणं मशीनला आधीच कळत होतं. काम मागच्या रांगेला. पिवळ्या टी-शर्टांनी आपापल्या घरचे आवाज एकामागनं एक बाहेर काढायचे. तशी पोरं बटण दाबत होती. आकडा चढत होता. टाळ्या.

व्यंकटेशनं आज्जीची फाइल लावली, पुरती ऐकली, आणि दाबलं. "चल आज्जी, घरी जा," एवढंच म्हणाला. आकडा सरकला. त्याच्यासाठी टाळी वाजली. त्यानं उठून वाकून नमस्कार केला आणि खाली बसला, तेव्हा त्याचं तोंड बघवत नव्हतं.

माझी पाळी. आईची फाइल. हेडफोनमध्ये ती म्हणत होती, तुमी सांगा, आमी तसं करतो.

"दाब की," व्यंकटेश कानाशी म्हणाला. "आईला कुटं कळणार हाय? नोकरी लागू दे आदी."

बोट बटणावर होतं. पुढं कुणाच्या तरी नावानं परत टाळी पडली आणि माझं लक्ष आकड्याकडं गेलं. आकडा वाढला होता. पण मशीन सकाळी जेवढं शिकलेलं होतं तेवढंच आताही होतं. एक शब्द जास्त त्याला येत नव्हता. ज्यांचं बोलणं कळत नाही ती माणसं आम्ही बाहेर काढली, म्हणून ते हुशार दिसत होतं. आणि काढायला आम्हालाच बसवलं होतं. आमचीच माणसं, आमच्याच हातानं. यालाच डेटा साक्षरता म्हणत असतील तर मी त्या क्षणी साक्षर झाले.

मी उभी राहिले.

"सर, मशीन शिकलं का? का आपण माणसं कमी केली?"

सर हसले. "चांगला प्रश्न आहे. पण आपण नंतर बोलू. आत्ता पद्धत पाळू."

"मशीनला कळत नाही, तर मशीन सदोष. आई कशी सदोष?"

"तू इमोशनल होतेयस. हे तुझ्या आईबद्दल नाहीये."

"आवाज तिचाच आहे सर."

"हे बघ, इथं तू पद्धत शिकायला आलीयस. पद्धत ठरवायला नाही." अजून हसतच होते. "बटण दाब. नाहीतर मूल्यमापन अडेल, आणि मग प्रमाणपत्रही."

"अडू द्या. मी दाबणार न्हाय."

न्हाय म्हणाले. ठरवून म्हणाले.

सर माझ्या टेबलापाशी आले. मी बाजूला झाले नाही, म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावरनं वाकून माउस घेतला आणि स्वतः दाबलं. आकडा वर गेला. या वेळी टाळी वाजली नाही. एवढंच.

"टी-शर्ट कंपनीचा आहे," ते म्हणाले. "धुऊन आणून दे."

प्रमाणपत्र मिळालं नाही. नोकरी मिळाली नाही. आता मी चिंचोळी एमआयडीसीत पॅकिंगला उभी असते. तिथंही खुर्ची नाही. व्यंकटेशला नोकरी लागली. मला त्याचा राग नाही. त्याच्या पाठीवरही तेच ओझं होतं. पिवळ्या टी-शर्टाच्या जागा मात्र पुढच्या वर्षी कमी झाल्या, आणि वस्तीतले दोघं-चौघं मला अजून ऐकवतात. "तुझ्या एका आवाजापायी आमची पोरं राहिली."

आणि मशीन सुरू झालं. या उन्हाळ्यात गल्लीत पाणी आलं नाही, तेव्हा आईनं फोन लावला. "हॅलो, मी होटगीवरनं बोलायलेय."

"कृपया स्पष्ट बोला."

ती अजून मोठ्यानं बोलली. तिला वाटलं पलीकडं कुणी बहिरं आहे.

"कृपया स्पष्ट बोला."

तिनं घागरीकडं बघितलं, फोनकडं बघितलं, आणि तो माझ्या हातात दिला. "तू बोल. तुजं ऐकतंय ते."

घरात पाणी नव्हतं. मी बोलले. आहे, नाही, कुठे, आम्ही. मशीन पहिल्या फटक्यात म्हणालं, तुमची तक्रार नोंदवली आहे. आई माझ्याकडं बँकेतल्या बाईकडं बघतात तसं बघत होती.

"बरं झालं तू शिकलीस," ती म्हणाली.

सरांनी केला त्यापेक्षा हा घाव खोल आहे. सरांना काय म्हणायचं ते मी म्हणू शकले. तिला काय म्हणू? आता ती स्वतः फोन लावतच नाही. मी कामावरनं यायची वाट बघते. पाणी नसलं तरी वाट बघते. माझ्या आईला माझ्याच तोंडाची गरज पडावी अशी व्यवस्था झाली, आणि तिला ती माझी प्रगती वाटते.

मशीन नको, असं मी म्हणणार नाही. आमच्यातली काही मंडळी म्हणतात, ते साहेबांचं खूळ, लांब राहा. लांब राहून काय झालं ते मी घरात बघते आहे. आम्ही लांब राहिलो तर ते बटण दुसरं कुणीतरी दाबणार. म्हणून दर रविवारी विहारात, एका जुन्या लॅपटॉपवर, मी पोरापोरींना हेच शिकवते. मला येतं तेवढं. येत नाही ते शोधून. तिथं कुणाला वेगळा टी-शर्ट नाही. तिथं मशीन चुकलं की पोरं मशीनला चूक म्हणतात, आणि ज्या आवाजावर ते अडखळतं तो आवाज पुन्हा पुन्हा घालतात, ते शिकेपर्यंत. हळू होतं. आकडा बरेच दिवस खालीच राहतो. राहू दे. एकही आवाज बाहेर काढायचा नाही, हा आमच्याकडचा नियम आहे आणि तो मी मोडू देणार नाही. उद्या कुणी मला त्या थंड लॅबमध्ये खुर्ची दिली, तरी हा नियम घेऊनच मी बसेन. नाहीतर बसणार नाही.

हे वाचणाऱ्या माणसा, तुझ्याही कॉलेजात असा वर्ग निघाला असेल, नाहीतर निघेल. तू तिथं शिकत असशील, शिकवत असशील, नाहीतर पाहुणा म्हणून फोटोला जात असशील. तिथं पडद्यावर आकडा दाखवतील आणि टाळी मागतील. टाळी देऊ नकोस. उभा राहा, उभी राहा, आणि विचार, हा आकडा चढवायला कुणाचे आवाज बाहेर काढले? आणि म्हण, ते काढलेले आवाज इथं, सगळ्यांसमोर, पुरते ऐकवा. ऐकवेपर्यंत खाली बसू नकोस.