भट्टीच्या तोंडाशी टांगलेली टोपी

मास्तरांनी पाव हातात घेतला आणि तोंडात घालायच्या आधी उलटा केला.

परदेशातली ती पहिली सकाळ. लेकीने आठ दिवसांसाठी दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या आणि खाली पावाचं दुकान होतं. टेबलावर लोणी, उकडलेली अंडी, टोमॅटो आणि खालून नुकताच आणलेला, वाफा निघणारा गोल पाव. लेक आणि जावई त्यावर तुटून पडले होते. मास्तर मात्र पावाच्या बुडावर बोटाने टकटक करत होते.

"बाबा, खायचा असतो तो," लेक म्हणाली.

"तळ कच्चा आहे. डावीकडून. उजवीकडे बघ, कसा खमंग भाजलाय."

"विमानातही यांनी जेवणाचा डबा उलटा करून बघितला," बायको म्हणाली. "सगळा रस्सा जावईबापूंच्या मांडीवर. यांना काहीही द्या, आधी बूड बघणार."

जावई हसला. तो दिवसभर संगणकापुढे बसणारा, शांत डोक्याचा माणूस. मांडीवरचा रस्साही त्याने हसत पुसला होता.

मास्तर म्हणजे भट्टीमास्तर. अडतीस वर्षं त्यांनी कारखान्यांच्या भट्ट्या आतून बांधल्या. साधा गवंडी भिंत बांधतो आणि लांब उभा राहून बघतो. भट्टीचा गवंडी भट्टीच्या पोटात शिरतो, पाठीवर पडून डोक्यावर विटा लावतो, आणि त्याचं काम चांगलं झालं की ते पुन्हा कुणाला दिसत नाही. तिथे लगेच आग पेटते. घरच्यांना कारखान्याच्या दारातून आत सोडत नसत. त्यामुळे मास्तरांनी आयुष्यभर काय केलं ते बायकोने पाहिलं नव्हतं, लेकीनेही नाही. त्या भट्ट्यांतून लोखंड निघालं, काच निघाली. ताटात वाढावं असं काही निघालं नाही.

बायकोचं त्यावर एक ठरलेलं वाक्य होतं. "जगाच्या भट्ट्या बांधल्या, पण घरातली चूल शेवटपर्यंत धूर ओकत राहिली." ते खरंच होतं. चूल नीट करायला मास्तरांना कधी सवड झाली नाही, आणि मग गॅस आला. मास्तर या टोमण्यावर कधी उलट बोलत नसत, पण तो त्यांना बरोबर लागायचा.

चहा झाल्यावर ते पाव हातात घेऊनच जिना उतरले. मागोमाग लेक, फोन घेऊन. तिच्या फोनमध्ये भाषा बदलून बोलायची सोय होती.

पाववाली साठीची, रुंद खांद्यांची बाई होती. कोपरापर्यंत पीठ. मास्तरांनी तिला पावाचं बूड दाखवलं, डावीकडे बोट ठेवलं आणि मान नकारार्थी हलवली. लेक शरमेने अर्धी झाली. पण पाववालीने पाव पाहिला, मास्तरांकडे पाहिलं, आणि त्यांच्या हाताला धरून सरळ मागच्या खोलीत नेलं.

तिथे भट्टी होती. विटांची, जुनी, घुमटाची. तोंड इतकं लहान की माणूस आडवा होऊनच आत जाईल, आणि आतलं पोट एखाद्या खोलीएवढं. मास्तरांना निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. आठ वर्षांत त्यांनी एकही भट्टी पाहिली नव्हती.

फोनमधून पाववाली बोलली. वर्षभर डावीकडचे पाव खालून कच्चे राहतात. दोन माणसं येऊन बघून गेली. दोघांनी सांगितलं, भट्टी पाडा.

मास्तर इमारतीच्या मागे गेले. भट्टीच्या डाव्या भिंतीला लागून गच्चीच्या पाण्याचा नळ खाली येत होता. सांध्यातून ठिबकत होता. खालची माती काळी पडली होती.

"पाडायची गरज नाही," ते परत येऊन म्हणाले. "विटांखाली वाळू असते. ती भिजलीय. ओल्या वाळूवर वीट कशी तापणार? वाळू वाहून गेली म्हणून तळही खचलाय. तिला विचार, दुकान कधी बंद असतं?"

"बाबा!"

"विचार म्हणतो ना."

रविवार आणि सोमवार. शिवाय पाववाली म्हणाली, मंगळवारही बंद ठेवीन. मास्तरांनी बोटांवर हिशेब केला. शनिवारचे पाव काढून आग बंद. सोमवारी पहाटेपर्यंत भट्टी निवेल. सोमवारी तळ उचलून पुन्हा बसवायचा. संध्याकाळी बारीक आग, मंगळवारी मोठी. बुधवारी पहाटे पहिला पाव. आणि बुधवारी सकाळी सातला यांची गाडी विमानतळाकडे निघणार होती.

वर आल्यावर लेकीने कागद पुढे ठेवला. तिने प्रत्येक दिवस आखला होता. सोमवारी तळं, नावेतून फेरी, पलीकडच्या काठावर जेवण.

"तुमचे गुडघे बघा. डॉक्टरने वाकायचं नाही म्हणून सांगितलंय."

"वाकणार नाही. आडवा पडणार आहे."

"आई, सांग ना यांना!"

बायकोने लोणच्याची बरणी उघडली होती. सात पिशव्यांत गुंडाळून आणलेली. ती शांतपणे म्हणाली, "तळं पाहिलंय मी, आपल्या गावाबाहेर आहे. यांनी दुरुस्त केलेलं काही मात्र अजून चाखायला मिळालेलं नाही. करू दे. बघू तरी."

मास्तरांनी मान खाली घातली. पण त्या क्षणी त्यांचं ठरलं. बुधवारी सातच्या आत हिच्या हातात पाव पडला पाहिजे, खालून भाजलेला.

रविवारपर्यंतचे दिवस त्यांनी लेकीच्या कागदाप्रमाणे मुकाट्याने काढले. बाजारात उभ्याउभ्या शेंगांचं गरम सूप प्यायले, चौकात आइस्क्रीम खाल्लं, पुलावर फोटो काढले. प्रत्येक फोटोत मास्तर कुठल्या तरी धुराड्याकडे बघत होते.

सोमवारी पहाटे पाच वाजता ते खाली हजर. पाववालीने दीड दिवस तोंडाशी पंखा लावून ठेवला होता. मास्तरांनी आत हात घातला. ऊब होती, चटका नव्हता. अंगावर जुना सदरा, गुडघ्यांना गोणपाट. आणि डोक्यावरची टोपी काढून त्यांनी भट्टीच्या तोंडाशी असलेल्या खिळ्याला टांगली.

भट्टीच्या कामात हा नियम आहे. तोंडाशी टोपी म्हणजे माणूस आत. ती टोपी ज्याची त्यानेच काढायची. ती लटकत असेपर्यंत मालक आला तरी काडी ओढत नाही. मास्तर एकदा टोपी कारखान्यात विसरून घरी आले होते, तेव्हा बायकोने त्यांना भरल्या ताटावरून उठवून परत पाठवलं होतं. "तुम्ही आत आहात असं समजून सगळे खोळंबतील," म्हणाली होती.

पाववालीने टोपी पाहिली. तिला वाटलं, काजळी लागू नये म्हणून ठेवली असेल.

काम सुरू झालं. जावई न बोलावता बाही वर करून आला. मास्तर आतून वीट सरकवत, तो ओढून मागच्या अंगणात नेई. डाव्या बाजूच्या बेचाळीस विटा निघाल्या. प्रत्येक वीट मास्तरांनी हातोडीच्या दांड्याने वाजवली. खणकली ती ठेवली. बद्द बोलली ती बाजूला. अशा पाच निघाल्या. अंगणात जुन्या विटांचा ढीग होता, त्यातून सहा निवडल्या, एक जादा. ओल्या वाळूच्या एकोणीस बादल्या जावयाने बाहेर काढल्या. कोरड्या बावीस आत नेल्या. मधेच मागच्या नळाचा सांधाही त्यानेच आवळला.

"जावईबापू, दम लागला?"

"नाही बाबा."

"मग बादली अर्धी का भरता?"

पुढची बादली काठोकाठ आली. निम्मी त्याच्याच बुटात सांडली, पण आली.

तळाच्या विटांना चुना-सिमेंट काही लावत नाहीत. वीट विटेवर घासायची, धार जुळेपर्यंत, आणि कोरडीच घट्ट बसवायची. फटीत नख शिरलं तर वीट परत काढायची. मास्तरांनी तीन विटा चार-चार वेळा काढल्या. घाम डोळ्यांत जात होता, गुडघे ठणकत होते आणि ते आत चक्क गुणगुणत होते. लेक भट्टीच्या तोंडातून डोकावली. दिव्याच्या उजेडात तिला बाप दिसला, कुशीवर पडलेला, पांढऱ्या मिशीत लाल धूळ. ती बराच वेळ बघत राहिली.

"काय बघतेस? सरक, उजेड अडतो."

दुपारी पाववालीने मोठं पातेलं आणून मधे ठेवलं. बटाटे, कांदा, डाळ, सगळं एकत्र शिजवलेलं. सगळे अंगणात विटांच्या ढिगाभोवती बसून जेवले. बायकोने बरणी फिरवली. पाववालीने लोणच्याची अख्खी फोड तोंडात टाकली, डोळ्यांतून पाणी आलं, पाय आपटले आणि दुसरी फोड मागितली. मग त्या दोघी एकमेकींना हाताने काय काय सांगत राहिल्या. फोन बाजूलाच पडला होता, कुणी त्याला विचारलं नाही.

चारच्या सुमारास शेवटची वीट बसली. बारीक आग पाच वाजता पेटवायची असं ठरलं. मास्तर वर गेले, हातपाय धुतले, बसले. पण कान बसेनात. डाव्या कोपऱ्यातली, मागून तिसरी वीट. बसवताना ती किंचित बद्द बोलली होती. की भास?

दिवा जावयाने परत वर आणून ठेवला होता. तो घ्यायला मास्तर थांबले नाहीत. वीट कानाने आणि तळव्याने कळते, तिला दिवा कशाला? खाली आले, टोपी खिळ्याला टांगली आणि अंधारात सरपटत आत शिरले.

पाववाली तेव्हा बाजूच्या खोलीत पीठ चाळायचं यंत्र लावत होती. यंत्राची घरघर सुरू झाली. ती काटक्यांची मोळी घेऊन भट्टीपाशी आली. खिळ्याला टोपी. म्हातारा विसरून गेला, तिला वाटलं. तिने टोपी काढली, प्रेमाने झटकली, फळीवर नीट ठेवली. काटक्या तोंडात रचल्या. आत, कोपऱ्यात, मास्तर कान विटेला लावून पडले होते. यंत्राच्या घरघरीत त्यांना काटक्यांची खसखस ऐकू आली नाही.

त्याच वेळी बायको चहा झाला म्हणून सांगायला खाली आली. पाववालीच्या हातात काडेपेटी. फळीवर टोपी. बायकोने टोपी उचलली आणि खुणेने विचारलं, कुठे होती? पाववालीने हसून खिळा दाखवला आणि काडी ओढली.

बायकोने झेप घेतली. पासष्ट वर्षांची बाई, जिना उतरताना कठड्याला धरणारी, पण तिने पाववालीचं मनगट धरून काडी फुंकरीने विझवली आणि दोन्ही हात पसरून भट्टीच्या तोंडापुढे उभी राहिली.

"अहो!" ती ओरडली. "अहो, आत आहात का?"

काटक्यांमागून आवाज आला. "कोण ते? थांब जरा. ही वीट नीट बोलतेय, मलाच भास झाला होता."

"वीट बोलतेय? तुम्ही बाहेर या, मग मी बोलते!"

पाववालीला आत्ता कळलं. ती मटकन पिठाच्या पोत्यावर बसली. आरडाओरडा ऐकून लेक आणि जावई धावत आले. काटक्या बाजूला झाल्या, मास्तरांची मिशी बाहेर आली.

"टोपी टांगली होती की," मास्तर म्हणाले.

"ती तुमच्या कारखान्यात! इथे कोणाला ठाऊक?"

"टोपी टांगलेली जगात कुणालाही कळते, असं वाटलं मला."

"जगात मला एकटीला कळते," बायको म्हणाली. तिने टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली, नको तितकी दाबून.

लेकीने बापाच्या गुडघ्यांवरचे गोणपाट सोडले आणि तिथेच खाली बसून गुडघे चोळायला लागली. पाववालीने मास्तरांचे दोन्ही हात धरले, फोनकडे न बघता आपल्याच भाषेत खूप वेळ बोलली. मास्तरांनी मान हलवली आणि काटक्यांकडे बोट केलं. पाचला दहा मिनिटं होती. ठरलं म्हणजे ठरलं.

बारीक आग रात्रभर धुमसली. मंगळवारी मोठी. मास्तर दर तासाला खाली जाऊन घुमट बघत. आधी काळा, मग करडा, आणि चारच्या सुमारास पांढराशुभ्र झाला. काजळी जळाली म्हणजे भट्टी पुरती तापली. त्यांनी जिन्यातूनच हाक मारली, "झाला! पांढरा झाला!" आणि जावई आंघोळ अर्धी टाकून, टॉवेल गुंडाळून बघायला आला.

बुधवारी सकाळी सहाला सामान दारात. पाव अजून आत. साडेसहा झाले. लेक सारखी रस्त्याकडे बघत होती, पण घाई करा असं म्हणाली नाही. सहा चाळीसला पाववालीने लांब दांड्याचं लाकडी फावडं आत घातलं आणि मुद्दाम डाव्या कोपऱ्यातून, मागून तिसऱ्या विटेवरून, एक पाव बाहेर काढला.

मास्तरांनी हात पुढे केला. पाववालीने तो चुकवला आणि पाव बायकोच्या ओंजळीत दिला.

गाडीचा भोंगा वाजला. बायकोने पदरात धरून पाव उलटा केला. बूड सगळीकडे सारखं तांबूस होतं. तिने बोटाच्या पेराने टकटक केली, कान जवळ नेला. मग तुकडा मोडला, तोंडात घातला आणि सावकाश चावत राहिली. मास्तर समोर उभे होते, टोपी हातात, परीक्षेला बसल्यासारखे.

"काय?" त्यांना राहवेना.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

"मीठ पाववालीचं. तळ माझा. तळाचं सांग."

"तळाला नाव ठेवायला जागा नाही." तिने दुसरा तुकडा मोडून त्यांच्या तोंडात घातला, सगळ्यांदेखत. "आता घरी गेल्यावर अंगणात चूल मांडून द्या. धूर न ओकणारी."

"परवा," मास्तर भरल्या तोंडाने म्हणाले.

"परवा कशाला? उद्या रात्री पोचतो आपण."

"म्हणून तर परवा. विटा सकाळी निवडाव्या लागतात."