डोळ्यातलं ठिगळ

हे मी कोणाले सांगितलं नाही. पोराले नाही, सुनेले नाही. आमच्याकडच्या प्रतापगडच्या जत्रेत महादेवाले नारळ फोडला तेव्हा देवालेही नाही — तिथं तं मी मान ताठ करूनच उभा होतो.

चौथीपर्यंत शिकलो, अक्षर वाकडं आहे. तरी तुले सांगून राहिलो. तुलेच कायले? — तू मले ओळखत नाहीस म्हणून. ओळखीच्या माणसापुढे माझ्या तोंडून हे निघत नाही. आजही निघत नाही.

आधी डोळ्याचं सांगतो. सांगायचं दुसरंच आहे, पण पेन तिकडं जात नाही.

काचबिंदू होता मले. उजवा डोळा गेला, तो मीच घालवला. थेंब टाकायचे सोडून दिले, 'मले दिसते ना' म्हणत हिंडलो. डाव्याची पाळी आली तेव्हा पोरगा, गणेश, जबरीनं नागपूरले घेऊन गेला. डॉक्टरीणबाई म्हणाली, डोळ्यात पाणी साचून दाब वाढते, त्यानं नस मरते, आता नळी टाकून ते पाणी बाहेर काढावं लागेल. तिनं चित्र काढून दाखवलं. मले काही उमगलं नाही. मंग गणेश म्हणाला, "बाबूजी, धानाच्या बांधीत पानी जास्त झालं का आपन धुऱ्याखालून पाइप टाकतो ना? तसंच."

हे समजलं. इटियाडोह धरणाच्या नहरावर धान पिकवण्यात जन्म गेला माझा. पाणी कुठं अडवायचं न् कुठं सोडायचं, ते मले कोणी शिकवू नये.

"पन पाइपावर माती नाही टाकली तं ढोराच्या खुरानं उघडा पडते," मी म्हटलं.

डॉक्टरीण हसली. "बरोबर बोललात, आजोबा. म्हणूनच नळीवर आम्ही ठिगळ लावतो."

"कायचं ठिगळ?"

"दान केलेल्या डोळ्याचं. पांढऱ्या भागाचा तुकडा असतो."

म्हणजे मेलेल्या माणसाचा. तसं ती बोलली नाही, पण मी समजलो. अन् माझ्या तोंडून पहिला सवाल काय निघाला? — "कोन्या जातीचा?"

बाजूची सिस्टर आमच्याच भागातली होती. फाडकन बोलली, "बाबाजी, इथं नावच येत नाही, तं जात कुठून आनू? नको असन तं सांगा, बाहेर लाइन लागून आहे!"

गणेशनं मान खाली घातली. वाटलं, त्याले माझी लाज वाटली. बाहेर बाकड्यावर येऊन बसलो, तं तो बोलला, "आईचे डोरेही असेच कोनाच्या कामी आले असते. मी झोपलो नसतो तं."

मी त्याले चहा पिशील का, एवढं विचारलं.

भागरता माझी बायको. तिची आई आंधळी होती — खळ्यावर धान चुरताना डोळ्यात कुसळ गेलं, डोळा पिकला, मंग दुसराही गेला. लहानपणी भागरता तिची काठी धरून गावभर फिरली. म्हणून गावात डोळे देण्याचं सांगायले बाया आल्या, तं हिनं हात वर केला. कुठं? — बौद्ध विहारात. आमच्या घरची बाई त्या मोहल्ल्यात कधी बसली नव्हती. ही गेली, बसली, न् साऱ्यांसमोर हात वर करून आली. मले न विचारता.

घरी येऊन म्हणाली, "अजी, मी गेली का लगेच फोन करा लागते बरं. काही तासांतच काढतेत, मंग नाही चालत."

"म्हंजे माह्या बायकोच्या डोऱ्यानं कोनीही पाहीन?"

"पाहू द्या ना," ती म्हणाली. "तुम्ही तं कधी पाह्यलं नाही."

हसतच म्हणाली. ते हसणं माझ्या डोक्यात बसून राहिलं.

ती गेली तेव्हा उजाडून राहिलं होतं. थंडीचे दिवस. पाणी मागितलं, घोटभर घेतलं, न् मान कलती झाली. डोळे मीच मिटवले. गणेश बाहेर छपरीत झोपला होता — आजारपणात तोच रात्री जागायचा, त्या दिवशी मीच त्याले झोप म्हटलं होतं. फोन त्याच्याजवळ, नंबर त्याच्याजवळ. एक हाक मारायची होती. वेळ होता का? भरपूर होता.

नाही मारली.

तो आपोआप उठून आला. "बाबूजी, आई?"

"गेली."

"कवा?"

अन् मी म्हटलं, "रातीच. तू निजला, न् गेली."

फोन त्याच्या हातात होता. तो हात खाली गेला. "मंग मले उठवलं काऊन नाही?"

"थकला होता तू."

जातीचं होतं का मनात? होतं. पण त्याहून मोठं हे होतं — मले विचारलं नव्हतं तिनं. मेल्यावर तरी माझंच चालावं, असं वाटलं मले. अन् चाललं.

गावात नाव झालं माझं. बुढा रातभर बायकोजवळ एकटा बसला, पोराची झोप मोडली नाही. तेरवीले सोयरे म्हणत, असा नवरा पाहिला नाही. मी ते ऐकून घेतलं. गप्प बसून, मान हलवून — घेतलं.

अजून एक राहिलं आहे. इथंच हात अडून राहिला.

त्या सकाळी गणेश आईच्या पाया पडायले वाकला. पायावर गोधडी होती. तिचे पाय गरम होते — आताच मी हात लावून पाहिला होता. रातीच गेलेल्या बाईचे पाय गरम कसे असतील? मी त्याचं मनगट धरलं. जोरात. "हात नको लावू. आधी आंघोळ करून ये."

असा रिवाज कुठं आहे, गड्या? आमच्यात नाही, कोणातच नाही. त्या घडीले मी तो बनवला. पोरगा मुकाट विहिरीवर गेला. आला, तं त्याले भावकीत सांगायले पिटाळलं. तेवढ्यात मी तिच्या पायावरची गोधडी काढली. दोन्ही दरवाजे उघडे टाकले. गार वारा आत आला. मी तिचे पाय चाचपत बसलो.

मंग तो परत आल्यावर म्हटलं, "लाग आता पाया."

ऑपरेशन झालं. ठिगळ धरलं. आता खुपतही नाही. कोणाचं आहे कोणास ठाऊक, पण त्याच डोळ्यानं हे लिहून राहिलो.

आता मी गाव सोडून कुडव्याले गणेशच्या घरी राहतो. तो पहाटेच उठते. माझ्या खाटेशी येते, वाकते, गोधडीत हात घालून माझे पाय चाचपते — गरम आहेत का पाहते. आई गेल्यापासून एक दिवस चुकला नाही. मी जागाच असतो. डोळे मिटून पडून राहतो.

आजही आला होता.