अंकिताच्या त्रेपन्न सकाळी

अंकिता पहिल्यांदा आमच्या घरी आली ती हवा मोजायच्या यंत्रासाठी गच्ची मागायला. मी सरळ नाही म्हणालो. आमचं गाव तासगावपासून नऊ किलोमीटरवर. घराच्या तिन्ही बाजूंना द्राक्षबागा, आणि गच्चीवर पाण्याची टाकी, सोलर आणि विजयमालाचे, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचे, पापड. त्यात आणखी एक डबा कशाला? तेहतीस वर्षं हायस्कुलात घालवली, त्यातली शेवटची सहा मुख्याध्यापक म्हणून, त्यामुळे नाही म्हणायची मला सवयच आहे. पण ही पोरगी उठेना. म्हणाली, "सर, नाही म्हणा, पण मी काय मोजणार आहे ते आधी ऐका तरी."

ती इस्लामपूरची. वडील फौजेत, घरचा ऊस. लहानपणी हिवाळ्यात शाळेला जाताना तिला साखर कारखान्याच्या चिमणीचा धूर दिसायचा. थोडा वर चढायचा आणि मग एकदम आडवा व्हायचा, वर कुणी फळी ठोकल्यासारखा. तिने वर्गात विचारलं, धूर आडवा का होतो? "वाऱ्यामुळं," असं सांगून गुरुजींनी तिला खाली बसवलं. पण वारा तर नव्हता! खोटं कशाला बोलू, मीही तसंच बसवलं असतं. ही मात्र तो प्रश्न डोक्यात घेऊन कोल्हापूरला फिजिक्स शिकली आणि पुण्याला जाऊन पीएच.डी. झाली. थंडीत सकाळी गार हवा खाली साचते, तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो आणि धूर त्या थराला अडतो, हे तिने मला चहा निवेपर्यंत समजावून सांगितलं. माझ्या सगळ्या नोकरीत मला कुणी इतकं नीट समजावलं नव्हतं. मी गच्ची दिली.

जूनमध्ये यंत्र बसलं. रेडिओमीटर म्हणतात त्याला. ते आकाशात काही सोडत नाही. हवेतून आपोआप येणाऱ्या अगदी मंद लहरी टिपतं आणि त्यांवरून कुठल्या उंचीला किती ऊब, किती ओल, ते काढतं. वर पांढरं, कमानदार टोपण. त्या टोपणावर पाणी टाकलं तर अळूच्या पानावरून घरंगळावं तसं घरंगळायचं. तिचं स्वतःचं असं हे पहिलंच काम होतं. ते जमलं तर पुण्याच्या संस्थेत दोन वर्षांची जागा मिळणार होती, आणि त्या जागेची मुलाखत नोव्हेंबरच्या शेवटी होती.

दर सोमवारी ती स्कूटीवरून यायची. संगणकात आकडे आपोआप जमत होते, तरी ही बागेतून फिरून वहीत पेन्सिलीने लिहायची: धुकं होतं का, पानावर दव किती वाजेपर्यंत राहिलं. मी एकदा चिडवलं, "एवढं महागडं यंत्र असताना पेन्सिल कशाला?" ती म्हणाली, "यंत्रावर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं ना, सर." तेव्हा मला ती गंमत वाटली.

ऑक्टोबरात बागांची छाटणी झाली, कोवळी फूट आली, आणि अंकिताला तिचा मोठा शोध लागला. आमच्या भागात सकाळी दहा वाजेपर्यंत खालच्या हवेत दाट ओल राहते, असं यंत्र दाखवत होतं. द्राक्षवाल्याला ओल म्हटलं की डावणी, म्हणजे बुरशीचा रोग, आठवते. ती पानावर पडली की हातातला घास जातो. बागायतदारांच्या ग्रुपवर तिने हे कळवलं आणि लोकांनी जादा फवारण्या सुरू केल्या. आप्पासो म्हणून आमचा शेजारी आहे, कुणावर विश्वास न ठेवण्यात मोठा पटाईत. "उंटावरनं शेळ्या हाकायचं काम हाय ह्ये," असं कुरकुरत त्यानेही फवारलं. पुण्याचे तिचे साहेब खूश होते. जागा जवळजवळ मिळाल्यातच जमा होती.

खूश नव्हती ती एकटी अंकिता. वहीत लिहिलं होतं की पानं साडेआठलाच कोरडी होतात. यंत्र म्हणत होतं दहा. दुसरं कुणी असतं तर त्याने वही मिटली असती. हिने नोव्हेंबरात पुण्याहून फुगे मागवले. खाली छोटी डबी बांधलेला फुगा वर सोडायचा, ती डबी हवेतून जाताजाता खरी ओल कळवत जाते. दोन दिवस सकाळी तिने आमच्या अंगणातून फुगे सोडले. दोन्ही दिवस फुगा म्हणाला हवा कोरडी, यंत्र म्हणालं ओली.

ती गच्चीवर गेली आणि टोपणावर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी घरंगळलं नाही. फरशीवर पसरावं तसं पसरून बसलं.

"काकू," तिने हाक मारली, "याला कुणी हात लावला होता का?"

"हात?" विजयमाला अभिमानाने म्हणाली, "चांगलं काथ्यानं घासलंय मी! घट बसायच्या आदी दसरा काडला न्हवं का. कावळ्यांनी पार घाण करून ठिवलेलं. समद्या घराचं धुतलं आन् तेवढंच कसं पारोसं ठिवायचं?"

दसरा काढणं म्हणजे काय हे आमच्याकडच्या नवऱ्यांना विचारा. घटस्थापनेच्या आधी घरातल्या वाकळा, चादरी, डबे, भांडी, भिंती, जे हाताला लागेल ते धुऊन निघतं. त्या दोन दिवसांत मी खुर्ची सोडत नाही, नाहीतर मलाही भिजत घालतील. त्यात गच्चीवरचं यंत्र पावडर लावून लख्ख झालं, आणि पाणी झटकणारा त्याचा बारीक लेप निघून गेला. तेव्हापासून पहाटेचं दव टोपणावरच साचून राहत होतं, ऊन चढेपर्यंत वाळत नव्हतं, आणि यंत्र त्यालाच हवेतली ओल समजत होतं.

अंकिता पायरीवर बसून दिवस मोजत होती. त्रेपन्न सकाळी. तिचा सगळा शोध त्या त्रेपन्न सकाळींत होता आणि मुलाखत आठ दिवसांवर आली होती. विजयमालाला काय झालं ते कळलं तशी ती पदर तोंडाला लावून आत गेली, ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही.

इथे मी जे केलं ते लिहायची मला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, "नवीन टोपण बसव आणि गप्प राहा. झाकली मूठ सव्वा लाखाची. मागचं कोण बघतंय?" मला तिच्या जागेची काळजी होती. आणि खरं म्हणजे गावात बायकोचं हसं होईल, याची जास्त होती.

"सर, मागचं बघून तर लोक फवारतायत," ती म्हणाली. "आणि उद्या दुसरं कुणी माझ्या आकड्यांवर काम करेल."

"हे हात दाखवून अवलक्षण आहे, अंकिता."

"असेल," म्हणाली, आणि आप्पासोला फोन करून तिने बागायतदारांची बैठक बोलावली.

बैठक दूध सोसायटीच्या हॉलमध्ये, दुपारी चारला. साठ-सत्तर माणूस होतं. विजयमालाला मी घरीच थांब म्हणून बजावलं होतं. अंकिता उभी राहिली आणि पाल्हाळ न लावता बोलली. त्रेपन्न दिवसांच्या नोंदी चुकीच्या आहेत. माझ्या सांगण्यावरून तुम्ही नको तितकं फवारलंत. टोपण घासायचं नाही हे मी सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही. चूक माझी आहे.

हॉलमध्ये कुजबुज वाढली. आप्पासो उठला. "पर घासलं कुणी त्ये?"

"यंत्र माझ्या ताब्यात होतं. नाव माझंच धरा."

तेवढ्यात मागून आवाज आला. "मी घासलं." शेजारणीला घेऊन विजयमाला दारात उभी होती. "पोरगी माझं नाव घेत न्हाई म्हनून मी लपून बसू व्हय? काय बोलायचं त्ये मला बोला."

लोक हसले, पण चांगलं हसले. बऱ्याच जणांच्या घरी दसरा निघालेलाच होता. मी मात्र खाली बघत होतो. एवढीशी पोर उभी राहिली, सातवी शिकलेली माझी बायको उभी राहिली, आणि मुख्याध्यापक बसून! मग मीही उठलो. म्हणालो, "आणि हे कुणाला सांगू नको, असं मी तिला सांगत होतो."

आप्पासोने माझ्याकडे नुसतं बघितलं. मग अंकिताला विचारलं, "मंग आता सकाळी ओल ऱ्हाती का न्हाई?"

"आज मला माहीत नाही," ती म्हणाली. आप्पासो खाली बसला.

मुलाखतीत तिने आलेख दाखवला तो मध्ये त्रेपन्न दिवसांची मोकळी जागा सोडून. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. साहेबांनी कसंबसं सहा महिने काम वाढवून दिलं. मला फार राग आला, कुणाचा ते नीट सांगता येणार नाही. पुढच्या सोमवारी तिनेच हे जेवताना सांगितलं. विजयमालाचा हात परातीतच थांबला. "माझ्या काथ्यानं तुजी नोकरी खाल्ली गं."

"काकू, त्या खोट्या सकाळींवर मिळाली असती तर दोन वर्षं मला झोप लागली नसती," अंकिता म्हणाली, पण तिचे डोळे भरले होते. मी ताट सरकवलं. एवढी खरी माणसं आपल्या गच्चीवर येतात, आणि आपण त्यांना मूठ झाकायला शिकवतो, असं मनात आलं.

माझा फोन वाजला. आप्पासो होता. "गुरुजी, ती पोरगी हाय का तितं? इचारा तिला, उद्या फवारू का नको."

मी फोन तिच्या हातात दिला. "आप्पा," ती म्हणाली, "अजून सांगता येत नाही. नवीन टोपण बसवून सातच दिवस झालेत. आणखी तीन आठवडे तरी लागतील."

फोनमधून आप्पासोचं मोठ्ठं बोलणं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "लागूंदेत. तवर मी माज्या डोळ्यानं बगून फवारतो. पर तुला कळंल तवा पयलं मला सांग. आता दुसऱ्या कुनाचं ऐकायचं न्हाई मी."