आप्पाजींचा जोड आणि साहेबांची बादली

निपाणीच्या आप्पाजींना बेंगळुरूत वायरिंग करून एकतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत आपला जोड कधी सुटला नाही, हे ते स्वतःच सांगत आणि समोरचा जांभई देईपर्यंत सांगत. दुकान नाही, पाटी नाही. जयनगरात त्यांचा नंबर एका अक्काकडून दुसऱ्या अक्काकडे जाई, तो ह्याच एका गोष्टीवर. अब्रू म्हणून जी काही होती, ती त्या जोडात होती.

जोड म्हणजे काय, तर तारा सोलायच्या, पक्कडीनं घट्ट पीळ द्यायचा, वरून टेप गुंडाळायची आणि टेपचं टोक आत दुमडून ठेवायचं, म्हणजे पुढे कधी उघडायची वेळ आली तर नखानं सुटतं. असं टोक दुमडणारा दुसरा वायरमन त्यांनी पाहिला नव्हता. बाकीचे लेकाचे टेप तोडतात आणि मोकळे होतात.

अशा माणसापुढे चंद्रकांत साहेबांनी दोन डब्या ठेवल्या. साहेब मूळचे पुण्याचे, सरकारी कारखान्याच्या तपासणी खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांचा माल नापास केलेला, त्यामुळे घरी बसून हात शिवशिवत. दोन वर्षांपूर्वी हे जुनं घर विकत घेतलं, दर्शनी भाग पाडून नवा केला, आणि आता झोपायच्या खोलीतला दिवा लुकलुकायला लागला होता.

"ह्या डबीतल्या कनेक्टरात वायर नुसती आत सारायची. ह्या दुसऱ्या डबीत टोप्या आहेत, त्या तारांवर बसवून पिळायच्या. कुठले लावणार?"

"दोन्ही नकोत, साहेब. हाताचा पीळ आहे की."

"हाताचा काही रिपोर्ट असतो का?"

आप्पाजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मग घ्या की टेस्ट! कोण नको म्हणतंय?"

हे बोलायला नको होतं. साहेबांनी ताबडतोब वही आणली. मागच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या दांडीला तिन्ही प्रकारचे जोड लटकले. एकेकाला धुण्याची बादली टांगायची आणि तांब्यानं पाणी ओतत जायचं, असं ठरलं. बादली साहेबांच्या बायकोची, प्रतिमाताईंची, धुणंही त्यांचंच, भिजत पडलेलं. नवऱ्यानं त्यांना विचारलं वगैरे नाही.

सारायच्या कनेक्टरातून वायर सहाव्या तांब्याला निसटली. टोपी नवव्याला सुटली. आप्पाजींचा पीळ बादली काठोकाठ भरली तरी हलेना.

"झालं समाधान? आता माझी बादली द्या," प्रतिमाताई म्हणाल्या.

साहेबांनी वहीत 'हाताचा पीळ – उत्तीर्ण' असं लिहून खाली सही केली. आप्पाजींची छाती फुगली. मेन स्विच बंद आहे ना, हे दोनदा विचारून ते शिडीवर चढले आणि जंक्शन बॉक्सचं झाकण काढलं.

आतला एक जोड काळा पडला होता. टेप वाळून तिचे पापुद्रे निघालेले, वायरवरचं प्लॅस्टिक वितळलेलं. अजून काही महिने गेले असते, तर आगच लागली असती. शेजारच्या जोडांची टेप शाबूत होती, आणि प्रत्येक टेपचं टोक नीट आत दुमडलेलं होतं.

आप्पाजींनी त्यातलं एक टोक नखानं ओढलं, ते अलगद सुटलं. ह्या गल्लीतली बरीच घरं त्यांनीच केलेली. दर्शनी भाग बदलला म्हणून हे ओळखू आलं नव्हतं, एवढंच.

"काय दिसतंय?" खालून साहेबांनी विचारलं.

"जोड जळलाय."

"कुठल्या गाढवानं केला होता?"

मागच्या मालकानं कुणाला तरी बोलावलं असेल, एवढं म्हटलं असतं तरी खपलं असतं. आप्पाजींना ते सुचलंही. ते शिडीवरून खाली वाकले.

"मीच केलाय, साहेब. तेवीस-चोवीस वर्षं झाली असतील."

साहेबांनी वहीतली आपली सही पुन्हा पाहिली. मग म्हणाले, "अहो, पण तुमच्या पिळानं बादली पेलली की!"

"बादलीनं आज ओढलं. हा तेवीस वर्षं तापत होता आणि निवत होता. ते सारायचे द्या वर."

"टोप्या का नकोत? तीन तांबे जास्त घेतले त्यांनी."

"टोपीखाली काय चाललंय ते दिसत नाही. म्हणजे परत माझ्या हातावरच भरवसा ठेवायचा." आप्पाजींनी सारायचा कनेक्टर उजेडात धरला. तो काचेसारखा आरपार होता. "ह्यात तार टोकापर्यंत गेली का नाही, ते कुणालाही दिसतं. मी लावतो, तुम्ही वर येऊन बघा."

साहेब दुखऱ्या गुडघ्यानं शिडी चढले, एकेक कनेक्टर बघून, ओढून उतरले. वहीत काही लिहिलं नाही.

जेवणाच्या आधी दिवा लागला. आप्पाजींनी बाहेरच्या पायरीवर बसून मोबाइल काढला आणि त्याच गल्लीतल्या चौथ्या घरी फोन लावला.

"अहल्याक्का, आप्पाजी बोलतोय. उद्या सकाळी येऊन तुमच्या घरातले सगळे बॉक्स उघडून बघतो. पैसे नकोत. स्वल्प वेळ लागेल."

अहल्याक्का गोंधळल्या. तुम्ही केलेलं सगळं उत्तम चाललंय, म्हणाल्या, आमची कसलीच तक्रार नाही.

"तुमची नाही, अक्का," आप्पाजी म्हणाले. "माझी आहे."