काकांसाठी लिहिलेली मदत

१९९९ च्या दिवाळीनंतर मी रत्नागिरीत एका छापखान्याच्या माडीवर नोकरीला लागलो. छापखाना म्हणजे नुसती पाटी उरली होती. खालचं यंत्र भाईंनी भंगारात काढलं होतं आणि वर तीन संगणक मांडले होते. भाई म्हणजे मालक. अठरा वर्षं आखातात काढून परत आलेले. वडिलांचा धंदा बुडू द्यायचा नाही, एवढाच त्यांचा हट्ट. मुंबईचा एक प्रकाशक जुनी इंग्रजी कायद्याची पुस्तकं पाठवायचा. ती आम्ही टाइप करायची, कागदावर छापून प्रुफं तपासायची आणि शेवटी फ्लॉपीत भरून परत धाडायची.

जुन्या छापखान्यातलं एकच माणूस भाईंनी ठेवून घेतलं होतं, ते काका. तीस वर्षं कंपोझिटर. लाकडी खणांच्या केसमधून शिशाचा एकेक खिळा, म्हणजे एकेक अक्षर, उचलून ओळ लावायची, आणि ती ओळ उलटी असतानाच सुलटी वाचल्यासारखी वाचायची, हे त्यांचं काम. वय पंचावन्नच्या आसपास. हातखंब्याच्या अलीकडे घर, घरी आजारी बायको. भाईंनी माझ्यासमोरच त्यांना सांगितलं होतं, "काका, हे पहिलं पुस्तक नीट गेलं की तुम्ही कायम. नाही जमलं तर मी तुम्हाला बसवून कुठवर ठेवू?" आणि मग माझ्याकडे वळून, "शिकवायचं काम तुझं."

मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो आणि मुंबईतून परत आल्याचा राग माझ्या नाकावर होता.

तीन संगणक म्हटलं, पण खरा संगणक एकच. बाकीचे दोन म्हणजे त्याला वायरीने जोडलेले जुने पडदे आणि कीबोर्ड, भाईंनी मुंबईच्या भंगारबाजारातून आणलेले. त्यांच्यावर चालेल असा मजकूर टाइप करायचा एकच प्रोग्राम, म्हणजे एडिटर, मला चांगला येत होता. त्या एडिटरची गंमत अशी, की वापरणारा माणूस त्याचं सगळं बदलू शकतो. कुठल्या कळीने काय व्हावं, कुठे काय दिसावं, सगळं. त्यात मदतही भरलेली होती. कुठलीही कळ काय करते ते विचारा, तो सांगणार. मी मुंबईत असताना ती मदत वाचूनच शिकलो होतो.

पण भंगारातल्या कीबोर्डांवर मागचं अक्षर खोडायची कळ आणि एडिटरची मदत मागायची कळ, दोन्ही आत एकच खूण पाठवत. काका एक अक्षर चुकले, खोडायला गेले, की पडदा दुभंगून खालच्या अर्ध्यात इंग्रजी मदत उघडायची. त्यांना वाटायचं आपण काही मोडलं. ते हात मांडीवर ठेवून बसून राहायचे.

"अरे, मी फक्त खोडत होतो."

"माहीत आहे काका. थांबा."

हे दिवसातून चाळीस वेळा. ती खूण वेगळी करायला मला चार दिवस लागले. त्यासाठी लिहिलेल्या सूचनांत एक कंस चुकला की एडिटर उघडायचाच नाही. दुपारी वीज गेली की केलेलं परत करायचं. फोनवरून इंटरनेट लावून कुणाला विचारावं, तर लाइन तुटायची. शेवटी मदत मी एफ-वन कळीवर नेली आणि खोडायची कळ खोडू लागली. भाईंनी सगळ्यांना चहा पाजला.

मग काकांनी एफ-वन दाबून पाहिलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. त्या एडिटरच्या इंग्रजीत ओळ कापणं म्हणजे 'किल', मारणं, फाइल बंद करणं म्हणजेही मारणं.

"मेल्या, ह्यात सगळीकडे मारामारीच कशी रे? हा पोलीस ठाण्यातला दिसतो."

मी हसलो, आणि त्याच हसण्यात ठरवलं की मूळची मदत काढून टाकायची आणि काकांसाठी स्वतः लिहायची. त्या पडद्यावर देवनागरी दिसत नव्हती, म्हणून रोमन अक्षरांत मराठी. एफ-वन दाबून पुढे कुठलीही कळ दाबली, की त्या कळीबद्दल माझी एक ओळ दिसे: सगळा मजकूर निवडा, कापा, चिकटवा, जपून ठेवा, छापा. एकवीस ओळी लिहिल्या. कंटाळा आला. बाविसाव्या ओळीऐवजी मी अशी सोय केली, की मी न लिहिलेलं काहीही विचारलं तर खाली यावं: "हे इथे नाही. मला विचारा."

त्याच झपाट्यात आणखी दोन गोष्टी केल्या. एडिटर मध्ये मध्ये "खात्री आहे का?" असं विचारायचा, त्याने काका घाबरत. ते प्रश्न बंद केले. आणि फाइल जपून ठेवताना तो जुनी प्रत बाजूला ठेवायचा, त्यामुळे यादीत प्रत्येक नाव दोनदा दिसे. भाई म्हणाले, "हा कचरा काय आहे?" तेही बंद केलं. मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं होतं.

काका शिकले. हळू, पण बिनचूक. त्यांच्या प्रुफात मला दुरुस्त्या सापडत नसत आणि त्याचाही मला थोडा राग यायचा. फक्त ते विचारायचे फार. मी दुसऱ्या पडद्यावर तक्त्यांची पानं लावत असायचो, ती कधी सरळ बसत नसत, आणि मागून आवाज यायचा, "अरे, एक विचारू?"

पहिलं प्रकरण पास झालं त्या दिवशी त्यांनी विचारलं, "छापून झालेल्याचं काय करू?"

मी मान वर न करता म्हणालो, "सगळं त्यात लिहिलंय काका. एफ-वन दाबा ना."

त्यांनी दाबलं. मला ऐकू आलं. थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, "हा म्हणतो तुला विचार."

"मग नीट वाचा. वाचलंत तर सापडेल."

मला वाटलं ते छापलेल्या कागदांबद्दल विचारताहेत. खरं तर मला काही वाटलंच नाही. त्यांनी गप्प व्हावं एवढंच हवं होतं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्या दिवशीच नाही, नंतरही फारसं कधी नाही. मी समजलो, आता त्यांना जमायला लागलं.

तीन आठवड्यांनी, एका शनिवारी सकाळी, मी फ्लॉप्या भरायला बसलो. काकांची अकरा प्रकरणं होती. पहिली फाइल रिकामी. दुसरी रिकामी. अकराही फाइली जागेवर, नावं बरोबर, आत एक अक्षर नाही.

"काका, ह्यात मजकूर कुठाय?"

"सोडला ना," ते म्हणाले. आणि माझं तोंड बघून उभे राहिले. "प्रूफ पास झालं, छापून झालं, की सोडायचा. अरे, नाहीतर पुढच्या प्रकरणाला अक्षरं कुठून यायची?"

छापखान्यात तसंच असतं. छापून झालेलं पान मोडून खिळे परत ज्याच्या त्याच्या खणात टाकावे लागतात. पान तसंच बांधून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी ओळ लावायला खिळेच उरत नाहीत. चांगला कंपोझिटर काम संपल्यावर पान उभं ठेवत नाही. काकांनी प्रत्येक प्रकरण निवडलं, कापलं, रिकामी फाइल जपून ठेवली. सगळं माझ्या एकवीस ओळींतलंच. एडिटरने एकदाही खात्री विचारली नाही, कारण मी त्याचं तोंड बंद केलं होतं. जुनी प्रत कुठे नव्हती. मधल्या तीन आठवड्यांत मीही एकदासुद्धा फ्लॉपीवर काही उतरवून ठेवलं नव्हतं.

छापलेले कागद होते. पण सोमवारी फ्लॉप्या मुंबईत पोचायला हव्या होत्या.

भाई जिना चढून आले. त्यांनी रिकामा पडदा बघितला, काकांकडे बघितलं नाही. मला विचारलं, "कसं झालं?"

मी म्हणालो, "काकांनी पुसलं."

हे खरं होतं. म्हणूनच ते इतकं सोपं गेलं. पुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं: त्यांनी मला विचारलं होतं. काका माझ्याकडे बघत होते, रागाने नाही, तर प्रूफ वाचताना बघायचे तसे, पुढचा शब्द येतोय का ते. मी कीबोर्डवरची धूळ पुसली.

"काका," भाई म्हणाले, "मी तुम्हाला आधीच बोललो होतो."

"हो. बोलला होतात."

त्यांनी चष्म्याची पेटी खिशात टाकली, डबा उचलला आणि खाली उतरले. प्रकाशकाने आठ दिवस वाढवून दिले. ती अकरा प्रकरणं मी काकांच्याच प्रुफांवरून परत टाइप केली. एकाही पानावर चूक नव्हती, त्यामुळे काम लवकर झालं.

भाईंना मी खरं सांगितलं ते दोन महिन्यांनी. दुसरं पुस्तक आलं होतं, माझी नोकरी पक्की झाली होती आणि सांगून माझं काही जाणार नव्हतं.

"त्या माणसाने माझ्या बापाबरोबर काम केलंय," भाई म्हणाले. "आणि तू मला आत्ता सांगतोस? जा. घेऊन ये त्यांना. फोन नको, स्वतः जा."

मी दुपारच्या एसटीने गेलो. काका पडवीत लग्नपत्रिकांच्या घड्या घालत बसले होते. गावातल्या कुणीतरी मोजून गठ्ठे करायला दिल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बंद केलेले प्रश्न, जुन्या प्रती, बाविसावी ओळ. बोलताना मला बरं वाटायला लागलं होतं, हेही कबूल करतो. भाईंनी बोलावलंय, हे शेवटी सांगितलं.

त्यांची घडी घालणं थांबलं नव्हतं.

"ते मशीनचं मला काही कळत नाही," ते म्हणाले. "मला एवढंच सांग. मी तुला विचारलं होतं, हे भाईंनी विचारलं तेव्हा तुझ्या लक्षात होतं?"

"होतं."

"तेव्हा लक्षात होतं?"

"हो, काका."

त्यांनी मान डोलावली. पूर्वी चुकीचा खिळा सापडल्यावर डोलवत असतील तशीच. मला नक्की सांगता येणार नाही. "भाईंना म्हणावं, आभारी आहे. आता नाही जमायचं. हिच्याजवळ कुणीतरी हवं." आतून त्यांच्या बायकोच्या खोकल्याचा आवाज येत होता, म्हणजे कारण खरंच होतं.

मग त्यांनी पत्रिकांचा एक गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "एसटीला अजून पाऊण तास आहे. थांबलायस तर घडी घाल. कोपऱ्याला कोपरा लाव."

मी बसलो आणि घडी घालू लागलो. माझ्या पहिल्या चार त्यांनी उलगडून परत घातल्या. पाचवी तशीच ठेवून घेतली.